भुरीच्या पानावरचे काळे कण: क्लिस्टोथिसियम कसं शोधायचं आणि कसं ओळखायचं

मूग-उडीद असो, काकडी असो की जवस, पानावर पांढरी भुकटी दिसली की आपण ‘भुरी आली’ म्हणतो, गंधक फवारतो आणि पुढच्या कामाला लागतो. त्या पांढऱ्या भुकटीवरून एवढंच कळतं की बुरशी जिवंत आहे आणि पसरते आहे. ती नेमकी कोणती, हे भुकटी सहसा सांगत नाही. ते सांगतात भुकटीत उशिरा, पीक संपत आल्यावर तयार होणारे बारीक काळे कण, आणि तोवर वावराकडे कुणाचं लक्ष उरलेलं नसतं. हा लेख त्या कणांसाठी आहे. वनस्पतिशास्त्र किंवा कृषीचे विद्यार्थी, शाळेत सूक्ष्मदर्शक असलेले शिक्षक आणि हौसेनं पान उलटून पाहणारा शेतकरी, तिघांनाही तो उपयोगी पडावा म्हणून साहित्य गावात मिळेल असंच सांगितलं आहे.

आधी वस्तू समजून घेऊ

भुरीची बुरशी दोन तऱ्हांनी वाढते. पानावर आडव्या पसरलेल्या तंतूंतून उभे दांडे निघतात आणि त्यांच्या टोकाला बीजाणू तयार होतात. ही अलैंगिक वाढ, आणि तीच आपल्याला भुकटी म्हणून दिसते. दुसरी तऱ्हा लैंगिक. दोन अनुरूप तंतूंचा संयोग होतो आणि तिथं एक गोल, सगळीकडून बंद फलकाय तयार होतो. त्याला ना तोंड, ना भोक. कवच अनेक पेशींचं असतं, आत थैल्या असतात आणि प्रत्येक थैलीत साधारण दोन ते आठ बीजाणू. कवच पाणी शोषून फुगतं, तडकतं आणि मग थैल्या बीजाणू बाहेर फेकतात. अशा बंद फलकायाला क्लिस्टोथिसियम म्हणतात. सुरईच्या आकाराचा आणि वर छिद्र असलेला फलकाय असतो तो पेरिथिसियम, आणि उघड्या वाटीच्या आकाराचा तो अपोथिसियम.

इथं नावाचा एक घोळ आधीच मिटवून टाकू. भुरीच्या फलकायात थैल्या तळाशी एका थरात किंवा झुबक्यात असतात आणि कवच ठरावीक रेषेत फाटतं. अॅस्परजिलससारख्या बुरशींच्या फलकायात थैल्या आत कुठंही विखुरलेल्या असतात आणि कवच नुसतं झिजून फुटतं. हा फरक लक्षात घेऊन २००२ साली भुरीच्या फलकायासाठी चॅस्मोथिसियम हा वेगळा शब्द सुचवला गेला आणि आता संशोधनात तोच चालतो. आपल्याकडच्या अभ्यासक्रमात आणि प्रॅक्टिकलच्या वहीत क्लिस्टोथिसियमच लिहितात. परीक्षेत ते लिहा, कंसात चॅस्मोथिसियम लिहा. कुणाचे गुण जाणार नाहीत आणि माहितीही अचूक राहील.

केव्हा आणि कुठं शोधायचं

सगळी मेख इथंच आहे. चुकीच्या झाडावर, चुकीच्या महिन्यात शोधलं तर सबंध दुपार घालवूनही हाती भुकटीशिवाय काही लागत नाही.

विदर्भात मूग-उडदाची भुरी पावसाचा जोर ओसरला की येते, ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरात. पण शेंगा तोडल्या की पीक उपटलं जातं. बुरशीला फलकाय धरायला वेळच मिळत नाही, म्हणून खरिपात फार आशा ठेवू नका. शोधायचा खरा काळ डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा. रात्री थंड, सकाळी दव, दुपारी कोरडं ऊन आणि झाडांची पानं जून झालेली. क्लिस्टोथिसियम जुन्या वसाहतीत, पिकायला आलेल्या पानावर तयार होतं. शेंड्याची कोवळी पानं सोडा, खालची सावलीतली बघा.

सुरुवात शिसमापासून करा. रस्त्याच्या कडेला, कालव्याच्या काठाला, तहसील कार्यालयाच्या आवारात शिसम असतोच. हिवाळ्यात त्याच्या पानाच्या खालच्या बाजूला पांढुरका थर दिसतो. ती फायलॅक्टिनिया, भुरीच्या बुरशींतला एक गट. तिचे फलकाय भुरीच्या जातीत मोठे, १५० ते २५० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास, म्हणजे खसखशीच्या दाण्याच्या पाव भागाएवढे. नजर चांगली असेल तर भिंगाशिवायही काळे ठिपके जाणवतात. नवशिक्यानं दुसरीकडे जाऊच नये. रेशीम उत्पादकांकडे तुती असते, तिच्या पानाखालीही याच गटाची भुरी येते. पान मागण्याआधी त्यांना कारण सांगा, आणि त्या बागेतून आलेले हात, कपडे, पिशवी घेऊन लगेच दुसऱ्याच्या तुतीत शिरू नका.

पूर्व विदर्भात, गडचिरोली-चंद्रपूरकडे सागवान भरपूर. सागाच्या पानावर वरच्या बाजूला पांढरी भुरी येते, ती अनसिन्युला. सागाच्याच पानाखाली नारिंगी-पिवळी पूड दिसली तर ती भुरी नव्हे, तांबेरा आहे, तिच्यात क्लिस्टोथिसियम शोधू नका.

धुऱ्यावर, उकिरड्याजवळ वाढणारा शंकेश्वर, काही गावांत गोखरू म्हणतात तो, काटेरी फळं धोतराला आणि बैलाच्या शेपटीला चिकटतात तो, त्याच्या जून पानांवरही चांगली शक्यता असते. काकडी-भोपळ्यावर भुरी आणणाऱ्या मुख्य बुरशीचं पोडोस्फेरा झँथी हे नाव याच झाडाच्या शास्त्रीय नावावरून आलं आहे. नाव एक असलं तरी शंकेश्वरावरची भुरी तुमच्या काकडीवर उतरेलच असं मात्र नाही. एकाच जातीतले वाणही यजमान झाड निवडून राहतात.

मिरचीवर वेळ घालवू नका. तिथली भुरी, लेव्हेइलुला, पानाच्या आत वाढते आणि फलकाय क्वचितच धरते. काकडी, भोपळा, दोडक्यावरही आपल्या हवेत बहुतेक वेळा नुसती भुकटीच मिळते. कारण साधं आहे. भुरीच्या बऱ्याच जातींना फलकायासाठी दोन वेगळ्या लैंगिक प्रकारांचे तंतू एकाच पानावर भेटावे लागतात. एकच प्रकार असेल तर वसाहत कितीही दाट झाली तरी काळा कण एकही येत नाही. म्हणजे फलकाय न सापडणं हीसुद्धा नोंद आहे, वहीत लिहून ठेवा.

पान बघायची पद्धत

दव सुकलं की, म्हणजे दहाच्या सुमारास निघा. ओल्या पानावर कण दिसत नाहीत आणि पुडीत ओलं पान दुसरीच बुरशी धरतं. दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरे, घड्याळजीचं असलं तरी चालेल. भिंग डोळ्याला टेकवायचं आणि पान भिंगाजवळ आणायचं. बहुतेक जण उलट करतात, भिंग पानाजवळ धरून लांबून बघतात आणि काही दिसत नाही म्हणून सोडून देतात. पान थोडं तिरपं धरा, ऊन बाजूनं येऊ द्या. कणांची सावली पडते आणि ते थरातून उठून दिसतात.

शोधायचं आहे ते रंगांचं मिश्रण. कोवळा फलकाय पांढुरका, मग पिवळा, मग तपकिरी आणि पक्व झाला की काळा. एकाच वसाहतीत हे तिन्ही-चारही रंग शेजारी-शेजारी दिसले तर तो नमुना सोन्याचा. वाढीच्या सगळ्या पायऱ्या एका पानावर मिळतात. नुसते काळेच कण असतील तर पुढं सांगितल्याप्रमाणे खात्री करा.

पान वर्तमानपत्राच्या घडीत ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत अजिबात नको. पिशवीत घाम धरतो आणि संध्याकाळपर्यंत पान काळवंडतं. एका झाडाची एक पुडी. पुडीवर लगेच, वावरातच, पेन्सिलीनं लिहा: झाडाचं नाव, गाव, तारीख, भुरी पानाच्या वर होती की खाली. ही शेवटची गोष्ट घरी आल्यावर हमखास आठवत नाही, आणि ओळखीसाठी ती फार कामाची असते.

स्लाइड तयार करणं

शिवणाची सुई बांबूच्या काडीत खोचून घ्या, त्याची छान टोचणी होते. काचपट्टी, आवरणकाच, आणि पाणी व ग्लिसरीन सम प्रमाणात मिसळलेलं द्रव. ग्लिसरीन औषधाच्या दुकानात मिळतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत लॅक्टोफेनॉल कॉटन ब्ल्यू असतं, तंतू त्यात निळे उठून दिसतात. पण त्यात फिनॉल आहे, कातडी भाजतं. शाळेतल्या मुलांच्या हाती ते देऊ नका, त्यांना ग्लिसरीन-पाणीच बरं.

काचपट्टीवर मध्यभागी एक छोटा थेंब. टोचणीचं टोक त्याच थेंबात ओलं करा, भिंगाखाली एक काळा कण निवडा आणि टोक त्याला नुसतं टेकवा. कण चिकटून येतो. खरवडू नका, खरवडलं की कणाभोवतीचे धागे तुटतात आणि ओळखीची सगळी माहिती त्या धाग्यांतच आहे. पाच-सहा कण थेंबात सोडले की आवरणकाच एका कडेनं टेकवून हळूहळू खाली आणा. शिसमावरच्या फायलॅक्टिनियासाठी आणखी सोपा मार्ग आहे. पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा पानाच्या खालच्या बाजूला हलकेच टेकवा, उचला आणि काचपट्टीवरच्या थेंबावर चिकट बाजू खाली करून लावा. हे फलकाय पानाला सैल बसलेले असतात, त्यामुळे अख्खे उठून येतात.

आता सूक्ष्मदर्शकाखाली, आधी सगळ्यात कमी शक्तीवर. प्रकाश कमी करा. कंडेन्सर, म्हणजे काचपट्टीखालचं उजेड एकवटणारं भिंग, थोडा खाली घ्या किंवा झडप अर्धी मिटवा. भगभगीत उजेडात पारदर्शक धागे विरून जातात. फलकाय मधोमध काळा दिसेल कारण त्यातून उजेड आरपार जात नाही, म्हणून नजर कडेवर ठेवा. कवचाच्या पेशी बहुकोनी जाळीसारख्या दिसल्या पाहिजेत. ती जाळी दिसली नाही आणि कड अगदी गुळगुळीत, काळी, मधोमध लखलखीत असेल तर तो हवेचा बुडबुडा. पहिल्या दिवशी प्रत्येक वर्गात कुणीतरी बुडबुड्याचं चित्र काढतंच, म्हणून मुलांना आधी मुद्दाम एक बुडबुडा दाखवून ठेवावा.

सूक्ष्मदर्शक नसेल तर फोल्डस्कोप वापरा, स्टॅनफर्डच्या मनु प्रकाश यांच्या प्रयोगशाळेत तयार झालेला कागदी सूक्ष्मदर्शक. तो सुमारे १४० पट मोठं दाखवतो. फलकाय आणि धागे बघायला तेवढं पुरतं.

मोजमाप करायला महागडी पट्टी लागत नाही. कंपासपेटीतली पारदर्शक मोजपट्टी ४ एक्स वस्तुभिंगाखाली ठेवा आणि दिसणाऱ्या वर्तुळाची रुंदी मिलिमीटरमध्ये वाचा. समजा ती साडेचार मिलिमीटर आली. तर १० एक्सला तीच रुंदी १.८ मिलिमीटर आणि ४० एक्सला ०.४५ मिलिमीटर, म्हणजे ४५० मायक्रॉन. ४० एक्सला फलकायानं वर्तुळाच्या रुंदीचा चौथा हिस्सा व्यापला तर तो ११० मायक्रॉनच्या आसपासचा. एरिसिफे गटातले फलकाय साधारण एवढेच, ८० ते १५० मायक्रॉन.

धागे आणि थैल्या: ओळख इथं होते

फ्रेंच शास्त्रज्ञ लेव्हेइये यांनी १८५१ साली भुरीच्या बुरशींची वर्गवारी या बंद फलकायावरूनच केली: भोवतीचे धागे कसे आहेत आणि आत थैली एक आहे की अनेक. पुढं डीएनए तपासणीनं काही नावं एकमेकांत मिसळली, तरी पहिली ओळख आजही याच दोन प्रश्नांवर चालते.

धाग्यांचं चित्र आधी काढा, फलकाय अख्खा असतानाच. धागे साध्या तंतूंसारखे वेडेवाकडे, खालच्या जाळीत गुंतलेले असतील तर एरिसिफे किंवा जुन्या नावानं स्फेरोथिका. टोकाला आकडा वळलेला असेल तर अनसिन्युला, सागावर हेच बघायचं. टोकाशी दोन-दोन फांद्या फुटत गेल्या असतील तर मायक्रोस्फेरा किंवा पोडोस्फेरा. धागा सुईसारखा सरळ आणि बुडाशी गोल फुगीर असेल तर फायलॅक्टिनिया, दुसरं काहीच नाही.

फायलॅक्टिनियापाशी थोडं थांबा, कारण तिची यंत्रणा बघण्यासारखी आहे. फुगीर बुडाचं कवच एका बाजूला पातळ असतं. फलकाय वाळला की ती बाजू आत दबते आणि सगळे धागे खाली, पानाकडे वळतात. फलकाय पानावरून उचलला जातो आणि वाऱ्यावर निघतो. त्याच्या डोक्यावर कुंचल्यासारख्या पेशींचा चिकट झुबका असतो, तो दुसऱ्या पानाला वा फांदीला टेकला की फलकाय उलटा चिकटतो. वाळलेल्या पानाचा तुकडा भिंगाखाली ठेवून धागे कसे वळलेत ते बघा, मग त्यावर तोंडातली वाफ सोडा आणि पुन्हा बघा.

चित्र झालं की मग फोडायचं. आवरणकाचेवर टिपकागद ठेवा आणि पेन्सिलीच्या मागच्या रबरानं, सूक्ष्मदर्शकात बघत बघत, अगदी हळू दाब द्या. कवच एका रेषेत फाटतं आणि थैल्या सरकत बाहेर येतात. एकच थैली आली आणि धागे साधे असतील तर स्फेरोथिका, जी आता पोडोस्फेरातच मोजतात. शंकेश्वरावर हेच मिळायला हवं. अनेक थैल्या आल्या आणि धागे साधे, तर एरिसिफे. फांद्या फुटलेल्या धाग्यांतही एक थैली म्हणजे पोडोस्फेरा, अनेक म्हणजे मायक्रोस्फेरा. अनसिन्युला आणि मायक्रोस्फेरा आता एरिसिफेमध्ये सामावल्या आहेत, त्यामुळे जुन्या पुस्तकातलं नाव आणि नव्या यादीतलं नाव जुळलं नाही तर गोंधळू नका. थैल्या रिकाम्या, दाणेदार दिसल्या, बीजाणू दिसले नाहीत, तर फलकाय अपक्व आहे. त्याच पानाचा जास्त काळा कण घ्या किंवा पंधरवड्यानं त्याच झाडाकडे परत जा.

या ओळखीनं किती मोठं कोडं सुटू शकतं याचं एक उदाहरण द्राक्षाचं आहे. १८४५ मध्ये इंग्लंडमध्ये द्राक्षावर भुरी आली आणि बघता बघता युरोपभर पसरली. पण पानावर नुसती भुकटी, फलकाय नाही. ही अमेरिकेतलीच बुरशी की वेगळी, हे सांगता येईना. शेवटी १८९२ मध्ये फ्रान्समध्ये फलकाय सापडले आणि ती अमेरिकेतलीच अनसिन्युला हे नक्की झालं.

फसवणारे काळे ठिपके

सगळ्यात जास्त फसवतो अँपेलोमायसिस. ही बुरशी भुरीवरच जगते, भुरीच्या तंतूंत शिरून तिला मारते. तिचे स्वतःचे बारीक फलकाय भुरीच्या भुकटीतच तयार होतात आणि भिंगातून क्लिस्टोथिसियमसारखेच वाटतात. फरक असा: ते लहान असतात, रंग मधासारखा तपकिरी, भोवती धागे नाहीत, आणि पाण्यात ठेवले की तोंडातून असंख्य इवले बीजाणू दोरीसारखे बाहेर सांडतात. थैली एकही नाही. वसाहतही पांढरी न राहता मळकट करडी झालेली असते. हे सापडलं तर वाईट वाटून घेऊ नका, भुरीचा नैसर्गिक शत्रू तुमच्या वावरात आहे. जैविक बुरशीनाशक म्हणून हीच बुरशी बाजारात विकली जाते.

पानाच्या पेशीत अर्धवट रुतलेले, वरून छिद्र असलेले ठिपके म्हणजे दुसऱ्या करपा-ठिपक्यांच्या बुरशी. कोळ्यांची विष्ठा, मावा असेल तर त्याच्या गोडव्यावर चढलेली काजळी, ही टोचणीनं सहज पुसली जाते.

विखुरलेल्या थैल्यांचं क्लिस्टोथिसियम बघायचं तर

पावसाळ्यात दमट राहिलेल्या कोरड्या जिनसांवर, जुन्या चामडी चपलेवर, पापडावर, हिरवट बुरशीत पिवळेधमक बारीक गोळे दिसतात. ते युरोशियम, म्हणजे अॅस्परजिलसचीच लैंगिक अवस्था. ही बुरशी कमी ओलाव्यावर आणि जास्त साखरेवर फळते, म्हणून प्रयोगशाळेत चापेकच्या माध्यमात (बुरशी वाढवायच्या तयार खाद्यात) २० टक्के साखर घालून, २५ अंशाला दोन आठवडे ठेवली की गोळे मिळतात. फोडल्यावर थैल्या कुठंही विखुरलेल्या, आणि बीजाणू भिंगाच्या आकाराचे, कडेनं मधोमध खाच असलेले. हे काम घरी करू नका. बुरशी धरलेला शेंगदाणा, मका उघडून तर मुळीच बघू नका. त्यावर अफलाटॉक्सिन हे विष तयार करणारी अॅस्परजिलस फ्लेव्हस असू शकते. प्रयोगशाळेतही तोंडाला मास्क हवा.

शेतकऱ्यासाठी यातलं काय

फलकाय सापडले म्हणजे बुरशीला कोरडा, कडक काळ काढायची सोय झाली. ते पान गळून वावरात पडू देऊ नका. भाजीच्या वाफ्यातली भुरीची जून पानं, पीक संपल्यावरचे वेल, गोळा करून खड्ड्यात पुरा किंवा नीट तापणाऱ्या कंपोस्टात घाला. फलकाय नसले तर बुरशी धुऱ्यावरच्या, परसातल्या हिरव्या झाडांवर भुकटीच्याच रूपात टिकते, तेव्हा बंदोबस्त तिकडं करावा लागतो.

पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक भुकटी दिसायला लागताच फवारायचं, १० लिटर पाण्याला साधारण २५ ग्रॅम, पण डब्यावरच्या पिकानुसारच्या सूचना आधी वाचा. पारा ३५ अंशाजवळ असताना गंधकानं पान करपतं आणि काकडीवर्गीय पिकं तर जास्तच नाजूक. तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवडे गंधक नको. काळे झालेले फलकाय फवारून काही साधत नाही, कवच जाड असतं. तुतीवर काहीही फवारण्याआधी रेशीम विभागाच्या माणसाला विचारा, पाला अळीच्या पोटात जाणार असतो.

नमुना जपणं

चांगला नमुना मिळाला तर पान जुन्या वर्तमानपत्रात दाबून, रोज कागद बदलत वाळवा. वाळल्यावर जाड कागदाची पाकिटाएवढी घडी करून त्यात ठेवा, डब्यात डांबरगोळी टाका. वाळलेल्या पानावरचे फलकाय वर्षानुवर्षं टिकतात आणि पुन्हा ओले केले की धागे दिसतात. पाकिटावर तारीख, गाव, झाड, पानाची बाजू, फलकायाचं माप, धाग्यांचा प्रकार, थैल्यांची संख्या आणि तुमचं नाव. झाडाची ओळख पक्की नसेल तर त्याची फुलासकट फांदीही सोबत वाळवा, कारण यजमान झाड चुकलं की बुरशीचं नाव चुकतं. जात ठरत नसेल तर जवळच्या कृषी महाविद्यालयातल्या वनस्पती रोगशास्त्र विभागात दाखवा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत अजरेकर बुरशी संग्रहालय आहे, तिथं देशभरातले बुरशींचे वाळवलेले नमुने जपलेले आहेत. पाठवायच्या आधी पत्र लिहून विचारा, आणि अर्धा नमुना स्वतःकडे ठेवा.